तीन इंचांचा हिशेब

आयुष्यभर बँकेत मोटारी पाहिल्या त्या कागदावर. टेम्पो, ट्रक, रिक्षा, सगळ्या तारण म्हणून. चासी नंबर जुळला, विमा भरलेला असला, की माझ्या लेखी गाडी उत्तम. ती दिसते कशी, हा प्रश्न माझ्यासमोर कधी आलाच नाही.

तो आला लेकीकडे दक्षिण कॅलिफोर्नियात गेलो असताना. समोरच्या घरी पंचाहत्तरीचे एक गृहस्थ १९३२ सालची फोर्ड कूपे घेऊन बसले होते. गाडी कसली, चाकांवरचा सांगाडाच तो. मडगार्ड नाहीत, आत बैठक नाही, इंजिन बाजूला काढून ठेवलेले. सकाळच्या फिरण्यात मी तिथे पाच मिनिटे थांबू लागलो. आठवड्याभरात पाच मिनिटांचे दोन तास झाले.

ही ‘हॉट रॉड’ची जात. १९३२ मध्ये हेन्री फोर्ड यांनी सामान्य माणसाच्या गाडीत आठ सिलिंडरचे, ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन बसवले. पुढे तिथल्या पोरांनी अशा जुन्या गाड्या स्वस्तात घेतल्या, मडगार्ड उतरवले आणि मुरॉकच्या कोरड्या तळ्यात त्या पळवल्या. वारा कमी अडावा म्हणून काहींनी छत कापून खाली आणले. वेगासाठी केलेली ती कापाकापी पुढे शोभेची झाली.

छत कापणे ऐकायला सोपे. खिडक्यांमधल्या खांबांतून हवी तेवढी पट्टी काढायची आणि वरचा भाग खाली बसवून जोडायचा. पण खांब वर जाताना आत कललेले असतात. पट्टी काढली, की खालच्या खुंटांमधले अंतर जास्त आणि वरचे छत आखूड! मग छत मधोमध कापून त्यात पत्रा घाला, नाहीतर खांब आणखी कलवा. (माझ्या एका कादंबरीतले प्रकरण संपादकांनी काढायला लावले, तेव्हा नायिका काही कारण नसताना सांगलीला पोहोचली होती. तसेच हे.) बत्तीसच्या फोर्डची पुढची काच जवळजवळ उभी, म्हणून ती गाडी त्यातल्या त्यात सोशिक.

शिवाय एकट्या छताचा विचार करून भागत नाही. छत उतरले की बॉनेट लांब वाटते, दारे जाड वाटतात, मागची खिडकी म्हणजे नुसती फट होते. मागची चाके मोठी आणि पुढची लहान घातली, तर गाडी नाकाकडे झुकते आणि न कापलेले छतही खाली आल्यासारखे भासते. “टेप नंतर,” गृहस्थ म्हणायचे, “आधी रस्ता ओलांडा.” रोज संध्याकाळी सांगाडा बाहेर आडवा उभा करून ते आमच्या दाराशी खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसत.

त्यांना चार इंच कापायचे होते. तरुणपणी चारच कापले होते. पण ही गाडी नातवासाठी, आणि नातू सहा फूट दोन इंच. आजोबांची नजर उतरत चाललेली. ही आपली शेवटची गाडी, हे ते कुणी न विचारताच सांगत.

एका रविवारी त्यांनी खिडक्यांच्या वरच्या कडेला चार इंचांपर्यंत कागदी चिकटपट्टी लावली. नातू आत उपड्या बादलीवर बसला. तिथे चौकातले सिग्नल डोक्यावर टांगलेले असतात, म्हणून मला समोर शिडीवर चढवले. मी सिग्नल! नातवाने मान पार चक्राला टेकवली, तरी मी काही दिसेना. लेकीने खिडकीतून ओरडून मला खाली उतरवले.

आजोबा गप्प. मग त्यांनी एक इंच पट्टी सोलली आणि मला घेऊन रस्ता ओलांडला. “कसे दिसते?”

मला काय कळणार? तरी म्हणालो, “आधी थोरल्या भावाची टोपी घातलेला पोर वाटत होता. चार इंचांत त्याचे कपाळच गेले. आता चेहरा दिसतो.” ते घरात गेले, दुसरा चष्मा लावून आले, पुन्हा बराच वेळ बसले.

बुधवारी तीन इंच कापले. करवत थांबल्यावर छत आम्ही चौघांनी उचलले. नातू, त्याचा मित्र, माझा जावई आणि मागच्या डाव्या कोपऱ्याला मी. खाली टेकवले तर माझ्याकडे बोटभर फट. “सोडू नका,” म्हणत गृहस्थ रस्ता ओलांडून खुर्चीत जाऊन बसले. हात भरून आले होते.

“आता अर्धा तास तरी,” नातू हळूच म्हणाला.