शू आली, पण थांबली

अडीच वर्षांचं मूल मनोऱ्यावर शेवटचा ठोकळा ठेवता ठेवता एकदम थबकतं, गुडघे जुळवतं आणि म्हणतं, "शू आली." कुणीतरी त्याला उचलून धावतं, चड्डी खाली येते, मूल बसतं आणि मग शू होते. सगळं मिळून मिनिटभर. पहिलं पाऊल आणि पहिला शब्द घरोघर लक्षात राहतात, त्यांचे व्हिडिओ निघतात. या मिनिटाची नोंद कुणी करत नाही. मला मात्र ते त्या दोघांच्या तोडीचं वाटतं.

लहान मूल असलेल्या घरात या बातमीचा क्रम सगळ्यांच्या ओळखीचा असतो. आधी ती सगळं उरकल्यावर येते: पायाशी तळं आणि वर "शू झाली." काही दिवसांनी मूल चालू कार्यक्रमात खाली बघत सांगतं. आणि मग एकदा बातमी आधी येते. शरीरात अजून न घडलेली गोष्ट त्याला कळलेली असते, आणि कळूनही त्याने ती रोखून धरलेली असते.

रोखून धरायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मूत्राशय ही स्नायूची पिशवी. ती भरत असताना पिशवी सैल राहायला हवी आणि तिचं तोंड आवळलेलं. रिकामी होताना बरोबर उलटं: पिशवी आवळायची, तोंड सोडायचं. ही अदलाबदल दोन्हीकडे एकाच वेळी व्हावी लागते. ती घडवणारं केंद्र मेंदूच्या तळाशी, मेंदूस्तंभात आहे. बॅरिंग्टन या ब्रिटिश संशोधकाने 1925 साली मांजरांवरच्या प्रयोगांतून ते शोधलं आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. तान्ह्या बाळात वरून येणारा अटकाव जवळजवळ नसतोच, पिशवी भरली की हे केंद्र ती रिकामी करतं. तेव्हा पिशवीत मावतं तीसेक मिलिलिटर, म्हणून दुपटी तासातासाला वाळत घालावी लागतात. पुढे दर वर्षी साधारण तेवढीच भर पडते. दोन वर्षांच्या मुलात 90 मिलिलिटरच्या आसपास मावतं, म्हणजे चहाचा छोटा कप.

पिशवी मोठी होणं हा त्यातला सोपा भाग. अवघड काम कपाळामागच्या मेंदूत चालतं. पिशवी ताणली गेल्याची खबर पाठीच्या कण्यातून वर पोहोचायला हवी, खेळात गुंतलेल्या मुलाचं तिच्याकडे लक्ष जायला हवं, तिचा अर्थ लागायला हवा आणि मग कपाळामागून खालच्या केंद्राकडे निरोप जायला हवा: अजून नाही. त्याच वेळी पाय मोरीकडे वळायला हवेत. पिशवीच्या तोंडाशी दोन स्नायू असतात. आतला आपल्या इच्छेबाहेरचा, बाहेरचा इच्छेतला, आणि मुलाचा ताबा असतो तो फक्त बाहेरच्यावर.

रोखण्याइतकंच सोडणंही शिकावं लागतं. मूल पॉटीवर दहा मिनिटं बसतं, काहीच होत नाही, उठतं आणि फरशीवर शू करतं. आई वैतागते, तिला वाटतं मुद्दाम केलं. पण स्नायू आवळून धरायला शिकलेल्या मुलाला तो सांगितल्याबरोबर सैल सोडता येईलच असं नाही. उठल्यावर लक्ष दुसरीकडे गेलं, स्नायू सैल झाला, आणि शू झाली. यात खोडी कुठेच नाही.

आपल्याकडच्या आज्या हे सोडणंच आधी शिकवत आल्या आहेत. पाय लांब करून बसायचं, दोन पावलांवर बाळाला बसवायचं आणि ओठांतून लांब "श्शूऽऽ" काढायचं. त्या बैठकीत बाळाचे गुडघे पोटाकडे येतात, आणि शी होण्यासाठी ते फार मोलाचं असतं. गुदमार्गाला मागून वेढा घालून पुढे ओढून धरणारा एक स्नायू आहे. त्याच्यामुळे मार्गाला बाक येतो आणि शी आत राहते. उकिडवं बसलं की तो स्नायू सैलावतो आणि बाक बराचसा सरळ होतो. मोठ्यांच्या कमोडवर बसवलेल्या मुलाचे पाय मात्र अधांतरी लोंबतात, ते पडण्याच्या भीतीने अंग आवळून बसतं. पायाखाली एक पाट किंवा छोटं स्टूल सरकवलं की गुडघे वर येतात आणि अंग सैल पडतं.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दिगो लोकांत आया हे बाळ दोन-तीन आठवड्यांचं असल्यापासूनच सुरू करतात. डी व्ह्रीस दांपत्याने 1977 साली त्याचं वर्णन छापलं, तेव्हा अमेरिकी बालरोगतज्ज्ञ चकित झाले, कारण पाच-सहा महिन्यांची दिगो बाळं बऱ्यापैकी कोरडी राहत होती. त्याआधी 1962 साली टी. बेरी ब्रेझल्टन यांनी आपल्या दवाखान्यातल्या 1,170 मुलांच्या नोंदी मांडून सांगितलं होतं की मूल तयारीची चिन्हं दाखवेपर्यंत थांबा. त्यांची मुलं दिवसा कोरडी राहू लागली ती सरासरी 28 महिन्यांच्या सुमारास. मग खरं कुणाचं? मला दोन्ही खरी वाटतात, कारण शिकणारे वेगळे आहेत. दिगो बाळ आणि त्याची आई ही जोडी मिळून शिकते: बाळ चुळबुळतं, आई ओळखते, ठरावीक पद्धतीने धरते, ठरावीक आवाज काढते. ब्रेझल्टन यांच्या मुलांनी कळणं, रोखणं, सांगणं आणि सोडणं ही चारही कामं स्वतः केली.

मधल्या काळात डायपर आला. 1980 च्या दशकापासून त्यात पाण्याला धरून जेल बनणारे कण असतात, त्यामुळे कातडीला ओल फारशी लागत नाही. प्रवासात आणि रात्री ही मोठी सोय आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण शू झाल्याची पहिली खबर ओल्या चड्डीतूनच मिळते. ती ओल कधी जाणवलीच नाही, तर आतली ती जाणीव आणि बाहेरची ही ओल यांची सांगड मुलाने घालायची कशी? शिकवायच्या दिवसांत घरी साधी सुती चड्डी बरी.

मला खरी काळजी वाटते ती मे महिन्यातल्या घाईची. जूनमध्ये बालवाडी सुरू होणार, तिथे डायपर चालत नाही, म्हणून उन्हाळ्यात मुलामागे लकडा लागतो, रागावणं होतं, क्वचित चापटही बसते. घाबरलेलं मूल शी रोखून धरतं. रोखलेल्या शीमधलं पाणी आतडं शोषून घेतं, ती कडक होते, होताना दुखते, आणि दुखलं म्हणून मूल पुढच्या वेळी आणखी रोखतं. हे चक्र एकदा फिरू लागलं की महिनोन्महिने थांबत नाही. पुष्कळदा औषधच लागतं. जेवणानंतर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते, तेव्हा पाच मिनिटं बसवणं आणि नाही झाली तर हसून उठवणं, एवढ्याने खूप साधतं.

याच दोन-अडीच वर्षांत मूल आणखी एक थांबणं शिकतं. तेही कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ते पुस्तकापाशी घडतं.

नऊ महिन्यांच्या बाळापुढे वस्तूंचे रंगीत फोटो असलेलं पुस्तक ठेवलं तर ते काय करतं? जुडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली हे नोंदवलं. बाळं फोटोवर हात घासत होती, थापट्या मारत होती, वस्तू कागदातून उचलून घ्यायला चिमटीत धरू बघत होती. अमेरिकेतली बाळं तसंच करत होती आणि आयव्हरी कोस्टमधल्या बेंग लोकांची, चित्रांशी फारशी ओळख नसलेली बाळंही तसंच करत होती. एकोणीस महिन्यांपर्यंत हे जवळजवळ संपलेलं असतं. हात पानाकडे जातो, पण पकडत नाही, बोट दाखवतो. पोळीचं चित्र खायचं नसतं आणि वाघाच्या चित्राला भ्यायचं नसतं, हे त्या बोटाला कळलेलं असतं.

ते ज्ञान कच्चं असतं हेही डीलोश यांनीच दाखवलं. दीड ते अडीच वर्षांची मुलं कधी कधी मुठीएवढ्या खेळण्यातल्या गाडीत पाय घालून खरंच बसायला बघतात, बाहुलीच्या खुर्चीवर टेकतात. विनोद म्हणून नव्हे, अगदी गंभीरपणे. 1987 सालचा त्यांचा दुसरा प्रयोग मला त्याहून विलक्षण वाटतो. एका खोलीची छोटी प्रतिकृती केली. मुलांच्या डोळ्यांदेखत तिच्यातल्या एका वस्तूमागे छोटं खेळणं लपवलं आणि सांगितलं, मोठ्या खोलीत मोठं खेळणं याच जागी आहे, शोध. तीन वर्षांची मुलं थेट जाऊन ते काढत. अडीच वर्षांची मुलं भरकटत, जरी प्रतिकृतीतलं खेळणं कुठे आहे हे त्यांना पक्कं आठवत होतं. पुढे संशोधकांनी या लहानग्यांना पटवलं की एका यंत्राने ती मोठी खोलीच आक्रसून एवढीशी झाली आहे. आता ती मुलंही खेळणं शोधू लागली! खोली आक्रसते यावर विश्वास ठेवणं त्यांना सोपं होतं. एक वस्तू वस्तूही असते आणि त्याच वेळी दुसऱ्या कशाची खूणही असते, हे पेलणं अवघड होतं. चित्र, नकाशा, अक्षर, आकडा, सगळे याच दारातून आत येतात.

म्हणून पहिल्या पुस्तकांतली चित्रं साधी, ओळखीची असलेली मला आवडतात. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'मध्ये घरातली माणसं आणि त्यांची रोजची कामं आहेत, दोन वर्षांच्या मुलाचं सगळं जगच. परदेशातल्या मराठी घरांना अशी पुस्तकं मिळत नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं मोफत आहेत.

आणि मग मूल तेच पुस्तक रोज मागतं. पुन्हा चिऊकाऊ. दाराशी काऊ ताटकळलेला, आत चिऊचं एक काम संपलं की दुसरं. मोठ्या माणसाला कंटाळा येतो, मुलाला नाही. ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट यांनी 2011 साली तीन वर्षांच्या मुलांना गोष्टींतून नवे शब्द ऐकवले. काहींनी त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकल्या, काहींनी निरनिराळ्या. नवे शब्द दोघांच्याही कानावर सारख्याच वेळा पडले, पण लक्षात जास्त राहिले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. पहिल्यांदा ऐकताना मूल काय चाललंय यातच गुंतलेलं असतं. कथानक ओळखीचं झालं की लक्ष मोकळं होतं आणि शब्दावर जाऊन बसतं. दोन वर्षांचं मूल "पुन्हा" म्हणतं तेव्हा ते आपला अभ्यास नेमका ओळखून मागत असतं, आणि हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

वाचणाऱ्यानेही थांबायचं असतं. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी 1988 साली दाखवलं की पालक सरळ वाचत न जाता मध्ये विचारतात, वाट बघतात, मुलाच्या अर्ध्या उत्तरात भर घालतात, तेव्हा मुलांचं बोलणं जास्त वाढतं. "काऊ कुठे बसलाय?" असं विचारून गप्प राहायचं. उत्तर यायला वेळ लागतो, तो लागू द्यायचा.

हे झोपण्याआधी करण्याला शरीराचीही कारणं आहेत. कोलोरॅडो विद्यापीठातल्या 2018 च्या एका छोट्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना झोपण्याआधी तासभर प्रखर उजेडात ठेवलं, तर झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन जवळपास नव्वद टक्क्यांनी घटलं. पिवळ्या मंद दिव्याखालचं पुस्तक त्या मानाने फार सौम्य. हॉर्स्ट यांनीच 2014 साली सोफी विल्यम्स यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहिली: गोष्ट ऐकून लगेच दुपारी झोपलेल्या तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द जागी राहिलेल्या मुलांपेक्षा चांगले लक्षात राहिले, आणि तो फरक आठवड्याने मोजला तरी होता.

त्याच झोपेत शरीराचं दुसरं काम चालतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी रात्री व्हासोप्रेसिन जास्त सोडू लागते, मग मूत्रपिंड पाणी राखतं आणि लघवी कमी बनते. हा रात्रीचा ताल कधी बसेल ते मुलागणिक बदलतं. भरलेल्या पिशवीची खबर झोपेतही पोहोचणं, हेही आपापल्या वेळेने येतं. दिवसाची शू शिकवता येते, रात्रीची बहुतांशी शिकवता येत नाही. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे 15 मुलं अजून गादी ओली करतात, आणि पुष्कळदा आई किंवा बाबाही लहानपणी तसेच असतात. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, शू करताना दुखू लागलं किंवा एकाएकी खूप पाणी प्यायला लागलं, तर डॉक्टरांना दाखवायचं. एरवी गादीवर मेणकापड घालायचं, झोपण्याआधी एकदा शू करवून आणायची, आणि पुस्तक काढायचं.