कोयता उगारण्याआधी कागद तयार हवा



आपल्या पाथर्डी-शेवगावकडे 'कोयता' म्हटलं की ऊसतोडीला निघालेलं जोडपं आठवतं. नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. अलीकडे मात्र हा शब्द पेपरात हल्ल्याच्या बातम्यांत वाचायला मिळतो. अशी बातमी आली की पारावर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: "तो येडाच होता" आणि "पोलीस तरी काय करणार?" ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. त्यांची किंमत बहुतेक वेळा घरातल्या बाईला मोजावी लागते. म्हणून हा विषय.

मारणारा प्रत्येक जण आजारी नसतो

२७ जून २०२३ ला पुण्यात सदाशिव पेठेत एका तरुणाने ओळखीच्या मुलीवर सकाळी भर रस्त्यात कोयता उगारला. तिने नकार दिला होता, एवढंच कारण. तो त्रास देतोय हे त्याच्या घरच्यांच्या कानावर आधीच घातलं होतं, असं मुलीने नंतर सांगितलं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा लेशपाल जवळगे मध्ये पडला म्हणून ती वाचली. जवळच्या पेरुगेट चौकीत त्या वेळी पोलीसच नव्हते. त्याबद्दल तिघांना निलंबित केलं गेलं. नकार न पचणं हा आजार नाही. त्याला 'येडा' म्हटलं की त्याचा गुन्हा हलका होतो आणि खरे आजारी लोक उगाच बदनाम होतात.

कारण बहुतेक मनोरुग्ण कुणाला मारत नाहीत, उलट तेच मार खातात. आपल्याच जिल्ह्यात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माऊली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावर सोडून दिलेल्या मनोरुग्ण बायकांना सांभाळतं. त्यातल्या कितीतरी जणी अत्याचार सोसून तिथे आलेल्या असतात.

तरीही काही वेळा आजार आणि धोका एकत्र येतात. गोळ्या बंद झाल्यात, रात्र-रात्र झोप नाही, दारू वाढली आहे, "मला विष घालताय" असा संशय आहे, कानात आवाज येतात आणि उशाशी विळा किंवा सुरी ठेवली जाते. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर "होईल बरं" म्हणून थांबू नका.

कोर्ट काय बघतं?

गुन्हा करताना आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच आजारामुळे कळत नव्हतं, तर तो गुन्हा धरला जात नाही. हे आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. पण ते सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते. नुसतं "डोक्यावर परिणाम झालाय" म्हणून कुणी सुटत नाही.

१९९४ मध्ये आपल्या राज्यातल्या एका पोलीस शिपायाने बायकोच्या डोक्यात दगड घालून तिला मारलं. त्याला संशयी प्रकारचा स्किझोफ्रेनिया होता. आधीचे उपचार आणि तुरुंगातून वारंवार दवाखान्यात न्यावं लागल्याच्या नोंदी पाहून सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्याचा आजार मान्य केला.

दुसरी केस सगळ्यांना आठवत असेल. २५ जानेवारी २०१२ ला एसटीचालक संतोष माने याने स्वारगेटहून बस पळवली आणि नऊ जणांना चिरडलं. त्याच्याही वकिलांनी मानसिक आजाराचा मुद्दा मांडला, पण कोर्टांनी तो मानला नाही. आधी फाशी झाली, ती २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली.

निकाल वेगवेगळे, पण एक गोष्ट सारखी. आजाराचे कागद कोर्टाने बारकाईने वाचले ते माणसं मेल्यावर. त्या शिपायाचे उपचार बायको जिवंत होती तेव्हाच सुरू झाले होते. तेव्हा ते कागद घेऊन तिने जायचं कुठे?

आधीसाठीही कायदा आहे

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम १०० नुसार, मानसिक आजारामुळे कुणी स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका ठरेल असं ठाणे अंमलदाराला वाटलं, तर त्या माणसाला ताब्यात घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात पोचवणं हे पोलिसांचं काम आहे. तेही २४ तासांच्या आत. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. कलम १०२ प्रमाणे मॅजिस्ट्रेट तपासणीसाठी दहा दिवसांपर्यंत दाखल करायचा आदेश देऊ शकतात.

अडतं कुठे? पोलीस म्हणतात, "घरचं भांडण आहे, दवाखान्यात न्या." दवाखान्यात म्हणतात, "पोलिसांना घेऊन या." बाई दोन्हीकडे तोंडी सांगते आणि कुठेच नोंद राहत नाही. म्हणून या गोष्टी करा:

१. धमकी, मारहाण, बंद झालेल्या गोळ्या हे सगळं तारखेसकट वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर गटाच्या सचिवाकडून लिहून घ्या. दवाखान्याचे केसपेपर जपून ठेवा, झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवा.

२. हत्यार हातात असेल तर समजूत घालत बसू नका. पोरांना घेऊन बाहेर पडा आणि ११२ लावा.

३. आजारी माणसासाठी ठाण्यात लेखी अर्ज द्या. त्यात 'कलम १००' असं स्पष्ट लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोचचा शिक्का घ्या. एकटीने जाऊ नका, ग्रामसंघाच्या दोघी-तिघी सोबत जा.

४. आजार नसेल, नुसती दहशत असेल, तर फिर्याद द्या. हातात 'एनसी' ठेवली तर समजा की मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास होणार नाही. हत्यार दाखवलं, पाठलाग केला, हे जसंच्या तसं सांगा. गंभीर गुन्ह्याची फिर्याद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, तरीही नाही घेतली तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

५. घरातलाच पुरुष असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. कोर्टाकडून संरक्षण आदेश मिळतो आणि तो मोडणं हा गुन्हा आहे. बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी १५१०० वर फोन करा.

६. उपचारासाठी १४४१६ या टेलिमानसच्या फोनवर मराठीत बोलता येतं. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो. जिल्हा रुग्णालयातही दाखवता येतं. माणसाला साखळीने बांधू नका. देवऋष्याकडे घालवलेले महिने म्हणजे उपचाराविना गेलेले महिने.

पोलिसांनी चूक केली तर जाब विचारायलाही पोच लागते. "आम्ही तीनदा सांगितलं होतं" याला कोर्टात वजन नसतं. तीन शिक्क्यांना असतं.

पुढच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांनंतर पंधरा मिनिटं या विषयाला ठेवा. कुणाच्या घरी असं काही चाललंय का, हे चारचौघीत विचारू नका. तिच्या घरी जाऊन, एकटीला गाठून विचारा. पहिला अर्ज तिथेच बसून लिहा.