वाघ की बाग?



मागील अंकात आमच्या वसतिगृहातील गोष्टींच्या तासाविषयी दोन ओळी आल्या होत्या. ‘मुलांनी म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट बदलली’ एवढेच त्यात लिहिले होते. त्यावर काही वाचकांनी विचारले की, इतकी जुनी, सर्वांना पाठ असलेली गोष्ट बदलायचे कारण काय? कारण एक मुलगी आहे. तिचे नाव येथे देत नाही.

चारठाणा हे परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्याचे गाव. जुनी दगडी मंदिरे आणि कोरीव स्तंभ यांमुळे काहींना ते ऐकून माहीत असेल. आमची मुले मात्र गावातील थोडी आणि आजूबाजूच्या आंध आदिवासी वस्त्यांवरील व बंजारा तांड्यांवरील जास्त. कोरडवाहू जमीन, कापूस-सोयाबीन निघाले की हाताला काम नाही. दिवाळी झाली की घरेच्या घरे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि पोरे बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांबरोबर जातात. शाळा सहा-सहा महिने बुडते.

ही मुलगी आठ वर्षांची असताना आमच्याकडे आली. अक्षरओळख नव्हती, त्याचे कोणालाच नवल वाटले नाही. तिच्याबरोबर आलेल्या, तिच्याइतकीच शाळा बुडालेल्या दोन मुली वर्षभरात पुस्तक वाचू लागल्या. ही मात्र दोन वर्षांनी, चौथीत गेली तरी, काल वाचलेला शब्द आज प्रथमच पाहत असल्यासारखी थांबायची. बोलण्यात हुशार. बाजाराचा हिशोब तोंडी बिनचूक. शेळी आजारी आहे हे सर्वांच्या आधी तिला कळते. रविवारच्या शाळेत ऐकलेली गोष्ट ती आठ दिवसांनी पात्रांच्या आवाजांसकट सांगते. पुस्तक हातात दिले की मात्र पोटात दुखते.

याला डिस्लेक्सिया म्हणतात, मराठीत वाचन-अक्षमता. हा आजार नव्हे, त्याला गोळी नाही आणि तो बुद्धीचा कमीपणाही नव्हे. १८९६ साली इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. शिकवणे सगळे तोंडी असते तर हाच शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. तो लिहिताना मात्र स्वतःच्या नावातही चूक करी. त्या काळी हा दृष्टीचा दोष समजला गेला. आता आपल्याला कळते की मूळ अडचण बहुधा डोळ्यांत नसते. बोललेल्या शब्दातील सुटे आवाज वेगळे ओळखणे आणि त्या आवाजांची कागदावरील खुणांशी गाठ घालणे, या कामात मेंदू अडखळतो. तुम्हाआम्हाला ती गाठ एकदा बसली की विचार करावा लागत नाही. या मुलांना ती प्रत्येक वेळी नव्याने बांधावी लागते.

पुष्कळांना वाटते की हा इंग्रजी शाळांचा प्रश्न आहे, मराठी तर जशी बोलतो तशीच लिहितो. हे पुरते खरे नाही. ‘दिवस’ म्हणताना आधी द येतो, मग इ; लिहिताना वेलांटी द च्या आधी उभी. आपण सगळे रोज वापरतो तो ‘प्रार्थना’ हा शब्द घ्या. त्यात र दोन वेळा आहे. एक र प च्या पायाशी तिरक्या रेघेने लटकलेला, दुसरा थ च्या डोक्यावर आकडा होऊन बसलेला, आणि तो डोक्यावरचा र उच्चारायचा मात्र थ च्या आधी. शिवाय घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्या आहेतच. मोठ्या ठशातला ख नवशिक्याला ‘रव’ दिसतो. हे सारे प्रत्येक मूल सुरुवातीला चुकते. डिस्लेक्सिया असलेले मूल इतरांचे सुटल्यावरही चुकत राहते, आणि मेहनत करूनही चुकते. फरक ओळखायचा तो येथे.

आमच्या भागात तो ओळखणे अवघड जाते, कारण मुलाला वाचता न येण्याची आणखी पाच-सहा कारणे दारात हजर असतात. शाळा बुडालेली असते. तांड्यावरील मुलांच्या घरची भाषा गोरमाटी, पुस्तकाची मराठी. नजर कमी असू शकते, कान फुटलेला असू शकतो, मूल नुसते अर्धपोटी असू शकते. म्हणून आधी डोळे व कान तपासून घ्यावेत, नियमित शिकण्याची पुरेशी संधी द्यावी, आणि मगच शंका घ्यावी. साधारण आठ वर्षांच्या आत हे निदान पक्के करत नाहीत. मराठीतून वाचन तपासण्याची साधनेही आता आहेत. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी तयार केली, तीत हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची नोंद आहे, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते. प्रमाणपत्र मिळाले तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून यासाठी काम करते आहे. हे सगळे आहे. चारठाण्याच्या पलीकडच्या वस्तीवर त्याची वार्ता पोहोचलेली नाही एवढेच.

मलाही ती उशिराच पोहोचली. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावी शिकवत असताना, असाच एक मुलगा माझ्या वर्गात होता. मी त्याला चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहायला लावीत असे. तो पन्नासही वेळा चुकीचा लिही, आणि मला तो उद्धटपणा वाटे. एके दिवशी तो आलाच नाही. पुढे कोणाच्या तरी गुऱ्हाळावर दिसला. ‘नमस्कार बाई’ म्हणाला आणि कामाला लागला. ही मुलगी आल्यावर मला तो आठवला, नाहीतर मी तिलाही पन्नास वेळा लिहायला लावले असते.

आता गोष्ट. पावसाळ्यात एका संध्याकाळी मी मुलांना म्हणाले, आपल्या म्हातारीला वाचता येत नाही असे धरू. शाळेत गेली होती, डोके चांगले आहे, पण अक्षरे जागेवर राहत नाहीत. मग काय होईल? मुलांनी क्षणात गोष्ट उचलली. म्हातारी लेकीच्या गावाला निघाली. रानाच्या तोंडाशी पाटी होती: ‘पुढे वाघ’. म्हातारीने वाचले ‘पुढे बाग’, आणि खूश होऊन आत शिरली.

ही चूक एका मुलाने सुचवली आणि ती शंभर टक्के खरी आहे. व आणि ब मध्ये फरक पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. घ आणि ग चा फरक दिसायला मोठा, पण ‘वाघ’ शब्द बोलताना शेवटचा घ इतका हलका पडतो की ऐकून लिहिणारे मूल सहज ‘वाग’ लिहिते. डोळ्याची चूक आणि कानाची चूक एकाच शब्दात. मुले खदखदून हसली, आणि ती मुलगीही हसली. त्या चुकीला ती पहिल्यांदाच हसली, कारण चूक म्हातारीची होती.

मूळ गोष्टीचे भाग्य असे की म्हातारी तिथे आधीपासूनच हुशार आहे. वाघ खायला निघाला तर त्याला पटवते, लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. वाचता न येणे आणि अक्कल असणे एकाच बाईत एकाच वेळी दिसते. मुलांना वेगळे समजवावे लागत नाही.

शेवटाला मात्र मी घोळ घातला. माझ्या गोष्टीत लेकीच्या घरी आठ दिवसांत म्हातारी सगळी बाराखडी शिकली. मला वाटले, छान आशादायक झाले. मुलगी म्हणाली, ‘‘ताई, मग मला दोन वर्षांत का येईना?’’ माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या वेळी मी उलट टोकाला गेले. म्हटले, म्हातारीला अक्षरे नाचताना दिसतात म्हणूनच तिला वाघाची गुप्त भाषा कळते. ही कल्पना माझी नव्हे. अमेरिकेतील शिक्षक-लेखक रिक रायोर्डन यांनी, डिस्लेक्सिया असलेल्या आपल्या मुलासाठी, ग्रीक पुराणकथांच्या नव्या अवतारात असाच नायक आणला. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, कारण त्याचे डोके प्राचीन ग्रीकसाठी घडलेले आहे! पुस्तक २००५ मध्ये आले. त्या नायकाचेही नाव योगायोगाने पर्सीच. आपल्याकडे २००७ च्या ‘तारे जमीन पर’ चित्रपटातला ईशान चित्रकलेत पहिला येतो. त्या चित्रपटाने हा शब्द घराघरात नेला, त्याचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण प्रत्येक अडखळणाऱ्या मुलात एक चित्रकार दडलेला नसतो. आमच्या मुलीची चित्रे साधारण असतात. बदल्यात काही मोठी देणगी दाखवली नाही तर तिला मान मिळणारच नाही का? गुप्त भाषेच्या गोष्टीवर ती काही बोलली नाही. गोष्ट संपल्यावर उठून भांडी घासायला गेली.

तिसरा शेवट तिचाच. ती म्हणाली, ‘‘म्हातारीनं दोनच अक्षरं शिकावीत. व अन् ब.’’

मग मुलांनी गोष्ट अशी बांधली. लेक ताटात ज्वारीचे पीठ पसरते. म्हातारी बोटाने व काढते, मोठ्याने म्हणते, हाताने पुसते, परत काढते. ब च्या पोटातली रेघ ओढताना म्हणते, ‘बंद’. आठ दिवस हेच. परत येताना तीच पाटी. म्हातारी पाटीवर बोट ठेवते आणि रेघ शोधते. रेघ नाही. ‘व... वा... वाघ!’ इतका वेळ लागतो की वाघाची जांभई ऐकू येते. पण वाचून होते, आणि मगच ती भोपळ्यात शिरते. मूळ गोष्टीत भोपळा लेक देते. आमच्या गोष्टीत तो पाटीशेजारच्या वेलावर आहे. मुलांना त्यात काही वावगे वाटले नाही.

पिठाचे ताट ही गंमत नव्हे. डोळा, कान, तोंड आणि बोट एकाच वेळी कामाला लावून, थोडे थोडे, ठरलेल्या क्रमाने शिकवणे हीच या मुलांसाठी जगभर वापरली जाणारी रीत आहे. सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी तिचा पाया घातला त्याला आता नव्वदएक वर्षे होत आली. महागडे काही लागत नाही. वेळ मात्र फार लागतो. आम्ही दुसऱ्या दिवसापासून रोज वीस मिनिटे ताट घेऊन बसू लागलो. पीठ वाया जाते म्हणून स्वयंपाकाच्या मावशी रागावल्या, तेव्हापासून चाळलेली वाळू घेतो.

आपल्या मंडळीतही असे एखादे मूल असणारच. रविवारच्या शाळेत आपण ओळीने एकेक वचन मोठ्याने वाचायला लावतो. आपली पाळी कितवी हे मोजत बसलेल्या मुलाला त्या दिवशीचे वचन ऐकूच येत नाही. वाचायचे वचन त्याला आदल्या रविवारी सांगून ठेवा, घरी कोणी तरी चारदा वाचून दाखवू द्या. किंवा वाचन दुसऱ्याला देऊन त्याच्याकडून गोष्ट सांगून घ्या. आमच्याकडे आता पाळी नाही. ज्याला वाचायचे तो हात वर करतो.

दिवाळीच्या आधी मुलीचे वडील तिला न्यायला आले. उचल घेतली होती, धाकट्या भावाला फडावर सांभाळायला कोणी हवे होते. ‘‘हिला वाचता येत नाही, ताई. ठेवून काय करू?’’ असे ते म्हणाले. मी कायदा, प्रमाणपत्र वगैरे सांगू लागले. ते ऐकत होते, पण पाहत बाहेर होते. मग मुलीने त्यांना म्हातारीची गोष्ट सांगितली. पाटीचा प्रसंग आला तसे ते हसले, आणि मग हसायचे थांबले. म्हणाले, ‘‘मला बी असंच व्हायचं. अक्षरं ध्यानातच राहत नव्हती. तिसरीत मार बसला, अन् सोडली शाळा.’’

ही अडचण पुष्कळदा घराण्यात चालत येते हे मी वाचले होते. समोर बसलेल्या माणसात ती पाहण्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता.

जाताना त्यांनी वाळूचे ताट पुढे ओढून विचारले, यातला व कोणता. मुलीने काढून दाखवला. धाकट्याला ते बरोबर घेऊन गेले, मुलीला ठेवून गेले. पाडव्यापर्यंत, असे म्हणाले आहेत. पुढचे तेव्हा बघू. या महिन्याअखेर आम्ही तिला तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला नेणार आहोत. व आणि ब झाले. सध्या घ आणि ध चालू आहे.