रासायनिक बदल केलेली आरएनए-औषधे : नुसिनर्सेनची घडण

आरएनएचा औषध म्हणून उपयोग करण्यातील मूळ अडचण त्याच्या रचनेतच आहे. रायबोज शर्करेच्या दुसऱ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गट शेजारच्या फॉस्फेट बंधावर आघात करू शकतो व साखळी तुटते. शिवाय रक्तात आणि पेशींत आरएनएचे विघटन करणारी विकरे विपुल असतात. पूरक न्यूक्लिओटाइड-साखळीने विषाणूची वाढ रोखता येते, हे पॉल झामेच्निक व मेरी स्टीफन्सन यांनी १९७८ मध्ये दाखविले. त्या कल्पनेवरील पहिले औषध मान्य होण्यास मात्र १९९८ साल उजाडले. मधली वीस वर्षे बव्हंशी रसायनशास्त्राची होती.

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या आनुवंशिक विकारात एसएमएन-१ हे जनुक निकामी असते. त्यामुळे मज्जारज्जूतील प्रेरक चेतापेशी नष्ट होत जातात. एसएमएन-२ हे जवळजवळ तसेच जनुक शरीरात असते. परंतु एका अक्षराच्या फरकामुळे त्याच्या संदेशातून सातवा एक्झॉन बहुधा गळतो व तयार होणारे प्रथिन टिकत नाही. हा एक्झॉन वगळण्यास कारणीभूत होणारा लहानसा भाग लगतच्या इंट्रॉनमध्ये आहे, असे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रवींद्र सिंग व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले. कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतील एड्रियन क्रेनर यांनी आयोनिस (तत्कालीन आयसिस) कंपनीसह तो भाग झाकणारी १८ न्यूक्लिओटाइडांची साखळी विकसित केली. तीच नुसिनर्सेन होय.

येथे रासायनिक बदलांची निवड विशेष उद्बोधक आहे. फॉस्फेटमधील एका ऑक्सिजनच्या जागी गंधक घातल्याने विकरांचा मारा सोसतो. शर्करेवरील हायड्रॉक्सिलच्या जागी मेथॉक्सिइथॉक्सी गट बसविल्याने स्थैर्य व लक्ष्याशी बंधन दोन्ही वाढतात. साखळीच्या मध्यभागी डीएनए ठेवले असते, तर आरएनएज-एच या विकराने लक्ष्य-आरएनएच तोडला असता. येथे तर तो शाबूत हवा. म्हणून प्रत्येक शर्करा बदललेली आहे. ही साखळी रक्त-मस्तिष्क अडसर ओलांडत नाही, सबब ती कमरेतून मस्तिष्क-मेरुद्रवात द्यावी लागते. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. त्या वेळी पहिल्या वर्षाच्या उपचाराची घोषित किंमत ७,५०,००० डॉलर होती. मूळ शोध विद्यापीठीय असला, तरी किमतीवर विद्यापीठांचा अधिकार चालत नाही, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

एकदा सिद्ध झालेली रासायनिक चौकट मात्र पुन्हा वापरता येते. बदलावा लागतो तो केवळ अक्षरक्रम. बोस्टन बालरुग्णालयात टिमोथी यू यांच्या गटाने याच चौकटीत २२ न्यूक्लिओटाइडांचे मिलासेन केवळ एका बालिकेसाठी बनविले आणि तिच्याशी प्रथम संपर्क झाल्यापासून सुमारे एका वर्षात, २०१८ मध्ये, ते देण्यास प्रारंभ केला. झटक्यांची संख्या व कालावधी घटला. रोग मात्र थांबला नाही व २०२१ मध्ये ती दगावली. त्याच वर्षी अमेरिकी औषध प्रशासनाने अशा व्यक्तिविशिष्ट औषधांसाठी मार्गदर्शक मसुदा प्रसिद्ध केला. एकाच रुग्णासाठीच्या औषधाची विषाक्तता-चाचणी किती व्हावी, हा त्यातील कळीचा मुद्दा आहे.