पळणारी तुकडी कुठे जाते?

टेबलावरच्या अनेक युद्धखेळांत चकमक हरलेली तुकडी लगेच उचलून ठेवायची नसते. ती अनेकदा पाठ फिरवून पळते. कधी पुढच्या डावात सावरते, कधी टेबलाच्या कडेवरून कायमची निघून जाते. इतर बहुतेक चाली खेळाडू ठरवतो. ही चाल मात्र फासे आणि नियम मिळून ठरवतात. दिशा किंवा अंतर निवडण्याचा अधिकार पळणाऱ्या तुकडीच्या मालकाला उरलेला नसतो, हे एकदा लक्षात घेतले की या नियमांवरून होणारे बरेच वाद मिटतात.

या नियमांमागे लढाईचे खरे स्वरूप आहे. प्राचीन लढायांत समोरासमोरच्या झुंजीत तुलनेने थोडी माणसे पडत, खरी कत्तल एक बाजू पळू लागल्यावर होई, असे एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच कर्नल आर्दाँ द्यु पिक याने मांडले. एच. जी. वेल्स यांच्या १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मधले सैनिक मात्र घाबरतच नाहीत. मनोधैर्याचे नियम युद्धखेळांत पुढे रुजले, आणि त्यांचे एक तपशीलवार रूप ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉपने १९८३ मध्ये आणलेल्या ‘वॉरहॅमर’मध्ये दिसते. त्याची २०१० ची आठवी आवृत्ती नमुना म्हणून घेता येईल.

चकमक हरलेली तुकडी दोन फासे टाकते. बेरीज तिच्या नेतृत्वाच्या आकड्याइतकी किंवा कमी आली, तर ती टिकते. पण जितक्या गुणांनी ती हरली, तितके त्या आकड्यातून वजा होतात. नेतृत्व ७ असेल तर छत्तीसपैकी २१ वेळा यश मिळते. दोन गुणांनी हार झाली की लक्ष्य ५ वर येते आणि यश छत्तीसपैकी १० वेळाच. हरलेल्या तुकडीच्या रांगा शत्रूपेक्षा जास्त असतील तर ही वजाबाकी होत नाही. मागे उभ्या सोबत्यांचा धीर आकड्यांत पकडणारा हा नियम फार समर्पक आहे.

पाय उखडले की पळण्याचे अंतर दोन फाशांची बेरीज, इंचांत. घोडदळासारख्या चपळ तुकड्या तीन फासे टाकतात आणि सर्वांत लहान आकडा सोडून देतात. जेत्याने पाठलाग करायचे ठरवले, तर तोही त्याच पद्धतीने फासे टाकतो. त्याची बेरीज जास्त किंवा अगदी बरोबरीची आली तरी पळणारी तुकडी नष्ट होते. इथला क्रम महत्त्वाचा आहे: आधी दोन्ही बेरजांची तुलना, मग हालचाल. सापडलेली तुकडी उभी होती तिथूनच उचलली जाते. ती मागच्या मित्रतुकडीतून पळत गेली असे धरायचे नसते. मात्र सहा इंचांच्या आतले मित्र तिचा नाश पाहून घाबरले का, हे तपासावे लागते.

निसटलेली तुकडी शत्रूकडे पाठ करून सरळ रेषेत पळते. वाटेत मित्रतुकडी असेल तर तिला वळसा घालता येत नाही, तिच्यातूनच जायचे. पळण्याचे अंतर मित्रांच्या मधोमध संपले, तर पलीकडे मोकळी जागा मिळेपर्यंत पुढे जायचे. जिच्यातून कोणी पळत गेले, त्या तुकडीलाही भीतीची परीक्षा द्यावी लागते, आणि तीही पळाली तर तिच्या मागच्यांवर तीच वेळ येते. एका घाबरलेल्या तुकडीपायी सबंध आघाडी कोसळू शकते ती अशी. चकमकीत गुंतलेल्या तुकड्या या परीक्षेतून सुटतात, आणि एका टप्प्यात कोणालाही ती दोनदा द्यावी लागत नाही. वाटेत शत्रू किंवा अभेद्य अडथळा आला तरी पळणारे थांबत नाहीत. त्यातून जाणाऱ्या प्रत्येकासाठी फासा टाकायचा, १ पडला की जखम. टेबलाच्या कडेला स्पर्श झाला की तुकडी संपली.

एका प्रसंगी मात्र पळणे ही खेळाडूची निवड असते. शत्रूने हल्ला जाहीर केल्यावर तुकडी स्वेच्छेने पळू शकते. हल्लेखोर तिच्यापर्यंत पोहोचला नाही, तर तो फाशांतल्या मोठ्या आकड्याइतकाच पुढे सरकतो आणि मोक्याच्या जागेवरून ओढला जातो. अनुभवी खेळाडू असे आमिष मुद्दाम दाखवतात. पण आधीच पळत असलेल्या तुकडीवर हल्ला झाला, तर तिला पुन्हा पळण्यावाचून मार्ग नसतो.

सावरण्याची संधी मालकाच्या पुढच्या डावात, हल्ले जाहीर करून झाल्यावर येते. नेतृत्वाची परीक्षा जमली तर तुकडी थांबून रांगा नव्याने लावते, नाहीतर पुन्हा पळते. मूळ संख्येच्या चतुर्थांश किंवा त्याहून कमी उरलेल्यांना दोन्ही फाशांवर १ पडला तरच सावरता येते.

२०१५ मध्ये ‘वॉरहॅमर’ची जागा घेणाऱ्या ‘एज ऑफ सिग्मार’ने ही हालचालच काढून टाकली, तिथे पळालेले सैनिक थेट टेबलावरून उचलले जात. खेळ सोपा झाला, पण पळणाऱ्यांमुळे मित्रांचीही दाणादाण उडण्याचा थरार गेला. त्याच मालिकेतल्या २०२४ च्या ‘द ओल्ड वर्ल्ड’मध्ये पळ परतला, तोही तीन पायऱ्यांनी. वजाबाकी धरूनही परीक्षा जमली तर तुकडी केवळ दोन इंच मागे सरते. वजाबाकीमुळेच हुकली तर ती सहसा शिस्तीत माघार घेऊन आपोआप सावरते. फाशांची बेरीज मूळ नेतृत्वाहूनही मोठी आली, तर ती खरोखर पळ काढते.