पाठपिशवी प्रवास
पाठपिशवी प्रवास : स्वतःच्या पाठीवर वाहून नेता येईल एवढेच सामान बरोबर घेऊन, प्रवाससंस्थेच्या सहलीत सामील न होता, सार्वजनिक वाहने व सामायिक निवास यांचा उपयोग करीत अल्प खर्चात केलेला दीर्घ प्रवास. ‘बॅकपॅकिंग’ या शब्दाचा हा मराठी पर्याय होय; महाराष्ट्रातील डोंगरभटक्यांच्या व्यवहारात या पिशवीस ‘सॅक’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत परदेशातील अशा प्रवासाच्या खर्चाची आखणी व सुरक्षितता यांचा विचार केला आहे. हे दोन विषय सामान्यतः वेगळे मानले जातात. तथापि अशा प्रवासातील पुष्कळ दुर्घटनांच्या मुळाशी चुकीच्या जागी केलेली काटकसर आढळते.

पूर्वपीठिका : स्वस्त निवासाची व्यवस्था प्रथम जर्मनीत उभी राहिली. रिखार्ड शिरमान हे शिक्षक १९०९ मध्ये विद्यार्थ्यांसह पायी सहलीवर असताना वादळी पावसात सापडले आणि त्यांना एका शाळेत रात्र काढावी लागली. त्या अनुभवातून युवक वसतिगृहाची कल्पना निघाली व १९१२ मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात पहिले वसतिगृह स्थापन झाले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात, विशेषतः १९६० नंतर, पश्चिमी तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर या मार्गाने भारतात व नेपाळात येऊ लागले. काठमांडू आणि गोव्यातील कळंगूट, हणजूण हे किनारे ही त्यांची अखेरची ठाणी. टोनी व मॉरीन व्हीलर या दांपत्याने या मार्गाच्या अनुभवावर १९७३ मध्ये एक छोटी मार्गदर्शिका काढली. तिच्यातूनच पुढे ‘लोन्ली प्लॅनेट’ ही प्रकाशनसंस्था वाढली. १९७९ मधील इराणची क्रांती व अफगाणिस्तानातील सोव्हिएट लष्करी हस्तक्षेप यांमुळे हा खुष्कीचा मार्ग बंद पडला.

गोव्यात या प्रवाशांना पाहणाऱ्या मराठी तरुणास मात्र त्या काळी असा प्रवास जवळजवळ अशक्य होता. परकीय चलनाच्या टंचाईमुळे भारतातून बाहेर पडणाऱ्यास फारच थोडी रक्कम, एका काळी तर अवघे ८ डॉलर, नेता येत. रिझर्व्ह बँकेच्या २००४ मध्ये सुरू झालेल्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली २०१५ पासून निवासी भारतीयास एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशात खर्च करता येते. साहजिकच आता अडचण चलन मिळण्याची नसून ते कसे खर्चावे याची आहे.

खर्चाची आखणी : प्रवासास निघण्यापूर्वीच विमानभाडे, प्रवेशपरवाना, लसी आणि विमा यांवर बरीच रक्कम खर्च होते. उरलेल्या रकमेस दिवसांनी भागून रोजचा खर्च ठरविण्याची पद्धत सर्वत्र रूढ असली, तरी ती फसवी आहे. कारण अशा प्रवासात राहण्यापेक्षा हलणे महाग पडते; दर दोन दिवसांनी गाव बदलणाऱ्याचा भाड्यावरील खर्च एकाच गावी आठवडाभर राहणाऱ्याच्या कितीतरी पट होतो. म्हणून अंदाजपत्रक दिवसांवर न बसविता मुक्कामांवर बसविणे अधिक योग्य. रोजचा हिशेब त्या त्या देशाच्या चलनातच लिहावा. रुपयांत रूपांतर करीत बसल्यास प्रत्येक वस्तू अकारण स्वस्त किंवा महाग भासते.

भागाकार करण्यापूर्वीच एक रक्कम बाजूस काढून ठेवली पाहिजे. ऐनवेळचे परतीचे तिकीट, आठवडाभराचा निवास व रुग्णालयात भरावी लागणारी अनामत एवढी तरी ती असावी. ही राखीव रक्कम वेगळ्या कार्डावर आणि ते कार्ड पाकिटात न ठेवता सामानात अन्यत्र ठेवावे. प्रवासाच्या अखेरीस ती शिल्लक राहिली म्हणून चैनीवर खर्चण्याचा मोह अनेकांना होतो. विमानतळावर पोचेपर्यंत प्रवास संपलेला नसतो, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

एके काळी सुरक्षित पैशाचे साधन म्हणजे प्रवासी धनादेश. अमेरिकन एक्सप्रेसने ते १८९१ मध्ये प्रचारात आणले. आता त्यांची जागा कार्डांनी घेतली आहे. कार्डावर चलनविनिमयासाठी बँका पुष्कळदा २ ते ३.५ टक्के आकार लावतात. शिवाय स्वयंचलित यंत्रातून पैसे काढताना स्थानिक बँकेचे शुल्क पडते ते वेगळेच. थायलंडमध्ये हे शुल्क दर खेपेस सु. २२० बाट वा त्याहून अधिक असते. एका वेळी १,००० बाट काढणारा प्रवासी अशा रीतीने २२ टक्के रक्कम गमावतो. दुकानातील यंत्र ‘रुपयांत की स्थानिक चलनात?’ असे विचारते तेव्हा स्थानिक चलनच निवडावे. रुपयांचा दर बहुधा प्रवाशाच्या तोट्याचा असतो.

उंची आणि दिवसांची काटकसर : महाराष्ट्रातील पदभ्रमण करणाऱ्यांचा पहिला परदेश बहुधा नेपाळ असतो. भारतीयांस तेथे प्रवेशपरवाना लागत नाही आणि १९९३ पासून एका भारतीय रुपयास १.६ नेपाळी रुपये हा दर स्थिर असल्याने हिशेबही सोपा जातो. परंतु सह्याद्रीतील अनुभव येथे एका बाबतीत मुळीच उपयोगी पडत नाही. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मी. उंच आहे, तर उंचीजन्य विकाराचा संभव सु. २,५०० मी.च्या पुढे सुरू होतो. एव्हरेस्टच्या तळछावणीकडे जाणारा मार्ग लुक्ला येथे सु. २,८५० मी. उंचीवर सुरू होऊन नामचे बझार (३,४४० मी.) व गोरखशेप (५,१६४ मी.) यांवरून ५,३६४ मी.पर्यंत चढतो. म्हणजे कळसूबाईवर दम न लागणारा धडधाकट तरुण पहिल्याच दिवशी अशा उंचीवर उतरतो की, जिचा त्याच्या शरीरास काहीच परिचय नाही. शारीरिक ताकद या विकारापासून संरक्षण देत नाही. उलट वेगाने चढू शकणारा अधिक धोक्यात येतो.

३,००० मी.च्या वर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची ५०० मी.हून अधिक वाढवू नये व दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा वैद्यकातील मान्य नियम आहे. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही प्रारंभीची लक्षणे होत. चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, विश्रांती घेत असतानाही धाप लागणे ही मेंदूत किंवा फुप्फुसांत पाणी साठत असल्याची चिन्हे असून अशा वेळी तत्काळ, रात्र असली तरी, खाली उतरणे हाच मुख्य उपाय. ॲसिटाझोलामाइड हे औषध शरीराच्या अनुकूलनास मदत करते. ते उतरण्यास पर्याय नव्हे.

मोजकी रजा घेऊन निघालेला प्रवासी प्रथम हेच थांबण्याचे दिवस गाळतो. या मार्गावरील भोजननिवासाचा दिवसाचा खर्च सु. ४,००० नेपाळी रुपये धरला, तर दोन जादा दिवसांस सु. ५,००० भारतीय रुपये पडतात. हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च काही लाख रुपयांच्या घरात जातो. पुष्कळ विमापत्रांत ठरावीक उंचीवरील पदभ्रमण वगळलेले असते. तो मजकूर बारीक अक्षरांत असल्याने वाचला जात नाही. लुक्लाची विमाने हवामानामुळे कित्येकदा दिवसेंदिवस उडत नाहीत, म्हणून परतीच्या तिकिटापूर्वी निदान दोन दिवस मोकळे ठेवणे हासुद्धा अंदाजपत्रकाचाच भाग मानावा. ऑक्टोबर २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातील ‘हुडहुड’ चक्रीवादळाच्या प्रभावाने अन्नपूर्णा परिसरात, ५,४१६ मी. उंचीच्या थोरोंग खिंडीच्या आसपास, अवेळी हिमवृष्टी होऊन ४० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हाती एखादा मोकळा दिवस असला की, खिंड ओलांडण्याचा बेत पुढे ढकलणे सोपे जाते.

इतर धोके : रात्रीच्या बसने एका मुक्कामाचे पैसे वाचतात, पण डोंगरी रस्त्यावर, विशेषतः पावसाळ्यात, ही बचत टाळावी. १२ जुलै २०२४ रोजी पहाटे नेपाळातील नारायणघाट–मुग्लिंग रस्त्यावर दरड कोसळून ६० हून अधिक प्रवासी असलेल्या दोन बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या. स्वस्त वसतिगृहात खाट घेताना बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग पाहून ठेवावा. ऑस्ट्रेलियातील चिल्डर्स येथे जून २००० मध्ये अशा वसतिगृहास लागलेल्या आगीत १५ तरुण प्रवासी दगावले. धोक्याची घंटा बंद होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधील वांग व्हिएंग येथे मिथेनॉलमिश्रित मद्याने ६ परदेशी पर्यटकांचा बळी घेतला. मालवणी येथील २०१५ ची दुर्घटना आठवणाऱ्या मुंबईकरास या विषाची ओळख करून देण्याचे कारण नाही. ते रुचीवरून ओळखता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

भाड्याच्या दुचाकीबाबत एक कायदेशीर अडचण आहे. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना १९४९ च्या जिनीव्हा करारानुसार असतो, तर व्हिएटनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेलाच परवाना मानतो. तेथे भारतीय परवान्यावर स्कूटर चालविताना अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. युरोपातील शेंगेन देशांच्या प्रवेशपरवान्यासाठी किमान ३०,००० यूरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. आशियातील अनेक देशांत तशी सक्ती नसल्यामुळे तो काढलाच जात नाही. आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील पीतज्वरग्रस्त देशांतून परतणाऱ्याजवळ लसीचे प्रमाणपत्र नसल्यास भारतात त्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. ही लस दहा दिवसांनंतर ग्राह्य ठरते, म्हणून ती निघण्याच्या आदल्या आठवड्यात घेऊन भागत नाही.

पारपत्र हरवल्यास प्रथम स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी व भारतीय वकिलातीकडे जावे. तेथून मायदेशी परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र मिळू शकते. पारपत्राची छायाप्रत व दोन छायाचित्रे मूळ कागदांपासून वेगळी ठेवलेली असल्यास हे काम लवकर होते. मार्ग, मुक्काम व विमापत्राचा क्रमांक घरी एका व्यक्तीस लिहून द्यावा आणि कळविण्याचा दिवस ठरवावा. डोंगरांत संपर्क तुटण्याचा संभव असल्याने, किती दिवस निरोप न आल्यास चौकशी सुरू करायची, हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे.