रुळण्याची सुरुवात वॉर्ड ऑफिसात

परदेशी विद्यार्थ्यांकडे जपान गेली चाळीस वर्षे आकड्यांच्या चष्म्यातून पाहत आला आहे. १९८३ मध्ये पंतप्रधान नाकासोने यांच्या सरकारने एक लाख विद्यार्थ्यांचे लक्ष्य ठेवले. २००८ मध्ये, फुकुदा यांच्या कारकिर्दीत, ते तीन लाखांवर नेले आणि २०१९ मध्ये ते गाठलेही. मग कोविड आला, सीमा बंद झाल्या आणि प्रवेश मिळालेली मुले महिनोन्महिने आपापल्या घरी अडकून पडली. मे २०२४ च्या मोजणीत ही संख्या पुन्हा वाढून ३ लाख ३६ हजारांच्या वर गेली. आता २०३३ पर्यंत चार लाख विद्यार्थी आणायचे आहेत. पण विद्यार्थी आणणे ही एक गोष्ट आणि तो तिथे रुळणे ही दुसरी. त्यातही दोन विद्यापीठांमधल्या करारावर, एक्स्चेंजवर, सहा महिने किंवा वर्षभरासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न वेगळा असतो. तो फी आपल्याच विद्यापीठात भरतो, जपानात क्रेडिट मिळवतो आणि परत येतो. त्याच्या रुळण्याबद्दल बोलायचे झाले की चर्चा लगेच कमरेत वाकून केलेल्या नमस्कारांवर, चॉपस्टिक्सवर आणि लोकांच्या अबोलपणावर जाते. माझे म्हणणे असे की तो रुळतो तो सरकारी अर्ज, बँक आणि कचरा यांसारख्या रटाळ कामांतून. आणि विद्यापीठ त्याची जी बडदास्त ठेवते, तीच बऱ्याचदा त्याच्या रुळण्याच्या आड येते.

हे उलटे वाटेल, म्हणून पहिल्या पंधरवड्याकडे जरा बारकाईने पाहू. नारिता, हानेदा किंवा कान्साई विमानतळावर उतरताच तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती झाइर्यू कार्ड म्हणजे निवासपत्र पडते. त्यावर पत्त्याची जागा रिकामी असते. राहण्याची जागा ठरल्यापासून चौदा दिवसांच्या आत स्थानिक वॉर्ड ऑफिसात किंवा नगरपालिकेत जाऊन ती भरून घ्यावी लागते. २०१२ पर्यंत परदेशी माणसांसाठी वेगळा कायदा आणि वेगळी नोंदवही होती. त्या वर्षीच्या जुलैपासून त्यांची नावे जपानी नागरिकांच्याच रहिवासी नोंदीत येऊ लागली. या बदलाचा अर्थ विद्यार्थ्याला सहसा कोणी समजावून सांगत नाही. त्याला वाटते, आपण एक फॉर्म भरला. प्रत्यक्षात तो त्या वॉर्डाचा रहिवासी झालेला असतो. त्याच इमारतीत त्याचे नाव राष्ट्रीय आरोग्य विम्यात चढते आणि डॉक्टरच्या बिलातले फक्त तीस टक्के त्याने भरायचे असे ठरते. वीस वर्षे पूर्ण झाली असतील तर पेन्शन योजनेतही नाव जाते आणि विद्यार्थी म्हणून हप्ते लांबणीवर टाकायचा वेगळा अर्ज पुढे येतो. आपत्तीच्या वेळी कुठे जमायचे याचा नकाशा आणि कचऱ्याचे वेळापत्रकही अशा ऑफिसांतच मिळते. भारतातून गेलेल्या मुलाला सरकारी कचेरीची धास्ती असते, तिचे कारण उघड आहे. पण इथे ती कचेरी त्याला पाहुणा न मानता रहिवासी मानते, आणि तसे मानणारी जपानमधली बहुधा ती पहिलीच जागा असते.

पुढची पायरी नावाची. मराठी मुलाच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव जोडलेले असते आणि आडनाव वेगळ्या ओळीत. जपानी फॉर्मवर दोनच रकाने: आडनाव आणि नाव. निवासपत्रावर नाव पासपोर्टप्रमाणे रोमन अक्षरांत छापले जाते, बँकेत मात्र ते काताकाना लिपीत लागते, आणि त्या लिपीत ‘ळ’ला जागा नाही, ‘ल’ आणि ‘र’ एकच होतात. विद्यापीठाच्या कागदावर एक काताकाना आणि पासबुकावर दुसरे असले की शिष्यवृत्तीची रक्कम खात्यात जमा न होता अडकू शकते. आधी खाते उघडणेच सोपे नाही. जपानात सहा महिने न झालेला माणूस परकीय चलनाच्या नियमांत अनिवासी धरला जातो आणि अनेक बँका त्याला दारातूनच परत पाठवतात. म्हणून बरीच विद्यापीठे नव्या मुलांना टपाल खात्यातून निघालेल्या युचो बँकेचा रस्ता दाखवतात. बँकेला फोन नंबर हवा, फोन कंपनीला बँक खाते नाहीतर कार्ड हवे, असा घोळ पहिल्या आठवड्यात बहुतेकांच्या वाट्याला येतो. तो सोडवायला विद्यापीठ हाताशी एक जपानी विद्यार्थी देते. त्याने सोबत असावे, पण फॉर्म स्वतः भरून देऊ नये, हे माझे आग्रहाचे मत आहे. आपला पत्ता जपानी अक्षरांत चार-पाच ठिकाणी लिहून झाला की तो हातात बसतो आणि दारावर कुरियरवाला आला की तोंडातूनही निघतो.

कचऱ्याचे प्रकरण परदेशी माणसाला गंमत वाटते. शिकोकू बेटावरच्या कामिकात्सु गावात कचरा चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा होतो, ही बातमी जगभर फिरली आहे. मोठ्या शहरांत इतके नसते, पण जळणारा, न जळणारा, काच, डबे, प्लास्टिक यांचे वार ठरलेले असतात आणि बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी सकाळी आठ-साडेआठच्या आत पिशवी कोपऱ्यावर ठेवावी लागते. पाण्याची बाटली टाकायची तर झाकण काढायचे, बाटलीवरचा प्लास्टिकचा पट्टा सोलायचा, आत पाणी फिरवायचे, मग ती चेपायची. झाकण आणि पट्टा वेगळ्या पिशवीत. पिशव्यांवर कावळे बसू नयेत म्हणून जाळे पसरलेले असते. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी गाडीवाले नेत नाहीत. तिच्यावर कारण सांगणारी चिठ्ठी चिकटवून ती तिथेच सोडतात आणि ती कोणाची, हे आळीला कळायला वेळ लागत नाही. जपानी शेजारी नव्या माणसाला पहिल्यांदा जोखतात ते या कोपऱ्यावर. त्याला भाषा किती येते, देवळात टाळ्या किती वाजवायच्या हे ठाऊक आहे का, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. पिशवी बरोबर असली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सकाळचा नमस्कार सुरू होतो. हॉस्टेलवर राहणाऱ्याला हा अनुभव अर्धामुर्धाच मिळतो, कारण तिथे मागच्या दाराशी डबे मांडलेले असतात आणि चुकले तर निस्तरणारा माणूस पगारी असतो.

इथे मूळ मुद्द्याकडे येतो. एक्स्चेंजच्या विद्यार्थ्यासाठी जपानी विद्यापीठे जे उभे करतात ते फार नीटनेटके असते. इंग्रजीतले अभ्यासक्रम, परदेशी मुलांचे वेगळे वसतिगृह, इंग्रजी बोलणारे कर्मचारी, किमोनो आणि चहाविधीच्या सहली. पहिला महिना मजेत जातो. पण वर्गात शेजारी बसतो तो दक्षिण कोरियाचा, फ्रान्सचा किंवा इंडोनेशियाचा विद्यार्थी; वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातही तोच. त्यात दिनदर्शिकेचा घोटाळा. जपानी शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि विद्यार्थ्यांच्या क्लबांची, तिथे ज्यांना ‘साकुरु’ म्हणतात त्यांची, नव्या मुलांना ओढण्याची धामधूम त्याच महिन्यात असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येणारा पोहोचतो तोवर गट जमून गेलेले असतात. तिसऱ्या वर्षाची जपानी मुले उन्हाळ्यापासूनच इंटर्नशिप आणि नोकरीच्या मुलाखतींत गुंततात, त्यामुळे आपल्या वयाचा मित्र शोधणाऱ्या पाहुण्याला नेमकी सर्वांत व्यग्र मुले भेटतात. याउलट क्युशूतल्या बेप्पू शहरातले रित्सुमेइकान आशिया पॅसिफिक विद्यापीठ पाहा. २००० साली ते सुरू झाले तेच निम्मे विद्यार्थी परदेशी असावेत या हिशेबाने, आणि त्याच्या वसतिगृहात जपानी आणि परदेशी मुले एकाच मजल्यावर राहून एकच स्वयंपाकघर वापरतात. भांडी कोणी घासायची यावरचे वाद तिथे दोन्हीकडची मुले मिळून मिटवतात. परदेशी मुलांसाठी वेगळी इमारत बांधणे व्यवस्थापनाला सोपे जाते, हे मान्य. पण त्या सोयीची किंमत विद्यार्थी मोजतो.

यावर पहिला आक्षेप असा की वर्षभरासाठी आलेल्याने एवढा खटाटोप का करावा. शिकावे, फिरावे, परतावे. आक्षेप अगदीच चुकीचा नाही. सहा महिन्यांसाठी आलेल्याने पेन्शनच्या नियमांत डोके घालण्यात अर्थ नाही, अर्ज देऊन मोकळे व्हावे. पण वर्ष थोडे आहे म्हणूनच ही कामे पहिल्या महिन्यात उरकायला हवीत. तीन वर्षे राहणाऱ्याची नाइलाजाने कधी ना कधी जपानी माणसाशी गाठ पडते. वर्षभर राहणारा मात्र बुडबुड्यात राहून जाऊ शकतो आणि आपण जपानात राहिलो असे प्रामाणिकपणे समजू शकतो.

दुसरा आक्षेप भाषेचा आणि तो वजनदार आहे. सरकारी जपानी भाषा जपानी माणसालाही जड जाते. पण याबाबतीत जपान स्वतः बदलला आहे आणि त्यामागे एक दुर्घटना आहे. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात परदेशी रहिवाशांना सूचना समजल्या नाहीत आणि त्याची झळ त्यांना जास्त बसली. त्यानंतर हिरोसाकी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी छोटी वाक्ये, सोपे शब्द आणि कांजींवर म्हणजे चित्राक्षरांवर उच्चार लिहिलेली ‘यासाशी निहोंगो’ म्हणजे सोपी जपानी तयार केली. २०२० मध्ये सरकारनेही तिची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आज अनेक नगरपालिकांची पत्रके त्या भाषेत मिळतात आणि ती वाचायला वर्षभराचा अभ्यास पुरतो. ज्याचे अन्न यावर अवलंबून आहे अशा शाकाहारी मराठी मुलाला तर वाचण्यावाचून गत्यंतर नाही. भाजीच्या रश्शातही बोनिटो माशाच्या कात्रणांचा ‘दाशी’ असू शकतो. पाकिटावर अंडी, दूध, गहू, कोळंबी, खेकडा, शेंगदाणा, सोबा आणि अक्रोड यांचा उल्लेख ॲलर्जीच्या कारणाने सक्तीचा आहे, मासा त्या सक्तीच्या यादीत नाही. म्हणून घटकांची बारीक यादीच वाचावी लागते. हे वाचायला आठ-दहा कांजी पुरतात आणि परीक्षेसाठी पाठ केलेल्या शंभरांपेक्षा त्या जास्त पक्क्या बसतात.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा: तुम्ही कितीही पिशव्या नीट बांधा, जपानी समाज बाहेरच्याला आत घेत नाही. याला पुरावाही आहे. न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मागच्या पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांनी परदेशी असल्याच्या कारणावरून नकार मिळाल्याचे सांगितले. हे झाकण्यात अर्थ नाही. पण घरमालकाचा नकार आणि आळीतले वागणे यांत फरक आहे. पहिला अनोळखी माणसाच्या भीतीतून येतो, आणि अनोळखीपणा कमी होतो तो स्थानिक पातळीवर. टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, जिथल्या निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. जपानात ते प्रथम आले होते विद्यार्थी म्हणून. एका माणसावरून समाजाचा निवाडा करू नये, हे खरे. तरी जिथे नवा विद्यार्थी पत्ता नोंदवायला रांगेत उभा राहतो, तशाच एका वॉर्डाच्या कारभारात एका परदेशातून आलेल्याला मतदारांनी बसवले, एवढी नोंद घ्यायला हरकत नाही.

अर्धवेळ कामाचाही विचार करायला हवा, कारण जपानी माणसांत मिसळण्याचा तो सर्वांत थेट मार्ग आहे. परवानगी घेतली तर विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तास काम करता येते आणि ती परवानगी विमानतळावरच मागता येते. उपाहारगृहात किंवा दुकानात काम करणाऱ्याची भाषा वर्गातल्या मुलांपेक्षा झपाट्याने सुधारते. धोका मात्र खरा आहे: २०१९ मध्ये एका खासगी विद्यापीठातले १,६०० हून अधिक परदेशी विद्यार्थी काही वर्षांत बेपत्ता झाल्याचे उघड झाले आणि शिक्षणाच्या नावाखाली मजूर आणले जातात या जुन्या टीकेला बळ मिळाले. एक्स्चेंजच्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती असेल तर आठवड्यात दोन संध्याकाळी पुरेशा आहेत.

उरतो तो तयारीचा प्रश्न, आणि त्याचा काही भाग पुण्याकडे येतो. जपानी शिकवणाऱ्या वर्गांसाठी पुणे देशात नावाजलेले आहे. हे वर्ग बहुतांशी ‘जेएलपीटी’ परीक्षेभोवती बांधलेले असतात, आणि त्या परीक्षेत सगळे पर्याय निवडायचे असतात. बोलायचे नसते, हाताने एक वाक्यही लिहायचे नसते. तिसरी पातळी उत्तीर्ण झालेला मुलगा म्हणूनच वॉर्ड ऑफिसच्या खिडकीशी गप्प होतो. निघण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत परीक्षेचा एखादा धडा वगळून नाव काताकानात एकदाचे ठरवणे, पत्ता लिहिणे, फोनवर वेळ मागणे, पाकिटावरची यादी वाचणे एवढे करून घेतले तरी पहिल्या पंधरवड्यात सोबतच्या जपानी विद्यार्थ्याला पेन हातात घ्यावे लागणार नाही. आणि जिथे करार नव्याने होत असतील, तिथे भारतीय विद्यापीठांनी मुलांना शक्यतो एप्रिलच्या सत्रात पाठवण्याचा आग्रह धरावा. आपल्या परीक्षा त्याच सुमारास येतात, म्हणून हे अवघड आहे. पण सत्राच्या परीक्षा पुढेमागे करणे विद्यापीठांना जमते, हे कोविडच्या काळात सगळ्यांनी पाहिले आहे.